दोन ठराव, एक साकव

मंगळ. १० डिसें.

सहावी बैठक. खुर्च्या बारा, माणसं चार, त्यात एक मी, समन्वयक.

ओढा नक्की कुणाचा, यावर दीड तास गेला. अलीकडे भोर तालुका, पलीकडे वेल्हे (पत्रात 'राजगड' लिहायचं, बोलताना वेल्हेच). रस्तेवाले साहेब म्हणाले, साकवाचा छोटा पूल आम्ही बांधू, पण पात्रात पाय टाकायचा तर पाटबंधारेची परवानगी आणा. पाटबंधारेवाले म्हणाले, पात्र आमचं, काठाचं आम्ही काय सांगणार. वनवाल्या बाई पानशेतहून आल्या म्हणून उशिरा पोचल्या, आणि म्हणाल्या, काठ माझा निघाला तर आधी मला का नाही विचारलं? तिघंही बरोबर बोलत होते, त्यामुळे भांडताही येईना.

(यापुढे र.सा., पा.सा. आणि व.बा. रोज पूर्ण पदं लिहीत बसले तर वही लवकर संपेल.)

निघताना पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन. "आतार, खोऱ्याच्या आराखड्यात बाकी सगळं बसलं. तो एक साकव तेवढा लोंबकळतोय. दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव हवेत आणि दोन्हीत जागा एकच हवी. जानेवारीअखेर नाही आले तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी म्हणजे मध्ये एक पावसाळा आला.

घरी अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "सरकारनं तुला लग्नं जुळवायला ठेवलंय का?" अगदी तसंच आहे. फक्त इथे दोन्हीकडचे वरपक्षच आहेत.

गुरु. १२ डिसें.

करंजदऱ्याला. नसरापूरपर्यंत एसटी, पुढे जीपमध्ये नऊ जण आणि तांदळाचं एक पोतं. पोत्याला खिडकी मिळाली.

सुरेखाला भेटले. ती करंजदऱ्याची आशाताई. आरोग्य उपकेंद्र पलीकडे टाकेवाडीत, म्हणून लसीचा निळा डबा खांद्याला लावून ती ओढ्यातून ये-जा करते. डांबरी रस्त्यानं जायचं तर चौदा किलोमीटरचा वळसा. गेल्या आषाढात पाय घसरून ओढ्यात पडली. झुडपाला धरून वाचली, डबा गेला.

म्हणाली, "डबा गेला म्हनून वर चौकशी झाली, मॅडम. म्या गेले असते तर नवी आशा नेमली असती."

एवढं बोलून खो खो हसायला लागली. मलाही हसू आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला. सहा बैठका झाल्या आणि हिला एकदाही बोलावलं नाही मी.

जाताना विचारलं, येता पावसाळा कसा काढणार? "काढायचा तसाच. पोरं काय आषाढ बगून जन्माला येतात व्हय?"

शुक्र. १३ डिसें.

दोन्ही गावांचे आधीचे ठराव पुन्हा वाचले. करंजदरा म्हणतं, साकव देवळाखाली हवा. टाकेवाडी म्हणतं, शाळेखाली हवा. देऊळ करंजदऱ्यात, शाळा टाकेवाडीत, म्हणजे जो तो आपापल्या दारात ओढतोय. आता दोन्ही गावं एकत्र बसवायची. किती सोपं! (हे वाक्य महिन्यानं पुन्हा वाचणे.)

सोम. १६ डिसें.

संयुक्त बैठकीचं पत्र काढलं. "ग्रामपंचायत करंजदरा व ग्रामपंचायत टाकेवाडी." बाराखडीत क आधी येतो, ट नंतर. त्यात काय विचार करायचा?

बुध. १८ डिसें.

विचार करायचा होता.

टाकेवाडीचे सरपंच तात्या सत्तरीचे. पांढरं धोतर, मोबाईल खिशात कायम स्पीकरवर. सकाळी फोन आला. "बाई, आमचं नाव मागनं कसं काय?" मी बाराखडी सांगितली. ते म्हणाले, "बाराखडी शाळंत. जत्रंत पयला नारळ टाकेवाडीचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या. मग कागदावर बी आमीच पयलं."

मी चिडले. फोन ठेवल्यावर चिडले, हे बरं झालं.

चूक माझीच. भोरमध्ये लहानाची मोठी झाले, या जत्रेला लहानपणी चार वेळा तरी गेले असेन. देवी करंजदऱ्याची आणि नारळ टाकेवाडीचा, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी फक्त पाळण्यात बसत होते.

नवं पत्र काढलं. टाकेवाडी आधी.

गुरु. १९ डिसें.

करंजदऱ्याच्या सरपंच मंदाताईंचा फोन. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या, पण आवाज असा की मी खुर्चीत सरळ बसले. "मॅडम, काल आमी पयलं होतो, आज दुसरं? देवी कुणाची हाय, जरा इचारा कुणाला तरी."

शुक्र. २० डिसें.

माझी हुशारी पाहा. दोन पत्रं काढली. करंजदऱ्याला गेलं त्यात करंजदरा आधी, टाकेवाडीला गेलं त्यात टाकेवाडी आधी. जावक क्रमांकही दोन. दोन्ही गावं खूश. संध्याकाळी भोरला राजवाड्याच्या बाजूला चालायला गेले, स्वतःवर खूश.

मंगळ. २४ डिसें.

दोन्ही पत्रं एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, शेजारी शेजारी. टाकेवाडीतली एक सून करंजदऱ्याची, तिनं माहेरी फोटो पाठवला, माहेरनं आपला पाठवला, झालं. खाली कुणीतरी लिहिलंय, 'मॅडमनी दोन्ही पोरींना सांगितलं, तूच देखणी.'

 बैठक गेली, साकव गेला, असं वाटून जेवणाचा डबाही उघडला नाही.

दुपारी तात्यांचा फोन. उचलू की नको करत उचलला. पलीकडून आधी नुसतं हसणंच ऐकू येत होतं. "बाई, चाळीस वर्सं राजकारण केलं, ह्ये डोस्क्यात न्हाई आलं माज्या."

मंदाताईंना मीच फोन केला. माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "राहू द्या वो. गावात चार दिस करमनूक झाली." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर बसायचं कुठं? आमी त्यांच्या दारात जानार न्हाई आन् त्ये आमच्या दारात येनार न्हाईत. रागावू नका, पर ह्ये असंच हाय."

बरोबर. पत्राचं मिटलं, जागेचं राहिलं. बैठकीची जागा ठरली तर साकवाची जागा ठरेल.

रवि. २९ डिसें.

सुट्टी. अम्मीसोबत गवार मोडत बसले होते. तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मधे काय आहे?"

"ओढा."

"पाणी किती आता?"

"घोट्याएवढं. बाकी खडक."

ती गवार मोडत राहिली. मी उठून पा.सा.ना फोन लावला. रविवारी!

पा.सा. म्हणाले, "पात्र शासनाचं. ना इकडच्यांचं ना तिकडच्यांचं." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "मॅडम, म्हणजे यजमान आम्ही झालो की. चहा माझ्याकडून."

शुक्र. ३ जाने.

आजचा दिवस सबंध लिहायचाय. हात दुखेपर्यंत.

ओढ्याच्या पात्रात बैठक झाली! करंजदरेकर त्यांच्या बाजूच्या खडकांवर, टाकेवाडीकर आपल्या बाजूच्या, मध्ये घोटाभर पाणी आणि पाण्यात दगडांवर आमची तीन खाती. र.सा. बूट काढून पॅण्ट दुमडून बसले होते. व.बा. चक्क वेळेवर आल्या. पा.सा.नी दोन्ही काठांवर दोन चुली मांडायला लावल्या, एकाच वेळी उकळी आली पाहिजे म्हणून स्वतः इकडून तिकडे उड्या मारत होते. घरचं कार्य असल्यासारखा माणूस फुलला होता. सहा बैठका मी यांना आखडू समजत होते.

सुरुवात झाली ती ठरल्याप्रमाणेच. देवळाखाली. शाळेखाली. देवळाखाली. शाळेखाली. मी छापून आणलेला रंगीत नकाशा दाखवला, दोन लाल ठिपके. कुणी बघेना. एका आजोबांनी तो घेऊन खाली अंथरला आणि त्यावर बसले.

बायका बाजूला एका सपाट काळ्या कातळावर बसल्या होत्या, दोन्ही गावांच्या, एकमेकींत मिसळून. त्यांना कुणी काठ वाटून दिला नव्हता. मी तिथे गेले आणि सुरेखाला म्हणाले, तू रोज कशी जातेस ते काढून दाखव. रांगोळी नव्हती. भांडी घासायला आणलेली राख होती. तिनं राखेनं कातळावर ओढा काढला, मग घरं, मग आपली वाट. वाट देवळाखाली गेलीच नाही. शाळेखालीही नाही. वरच्या अंगाला गेली, म्हसधोंडीपाशी.

टाकेवाडीची ती सून (व्हॉट्सॲपवाली!) म्हणाली, "आमी बी माहेरी जाताना तिथनंच उतरतो."

दुसरी म्हणाली, "आन् सरपनाला."

मग एकीनं राख घेतली, मग दुसरीनं. पाच-सहा वाटा झाल्या आणि सगळ्या म्हसधोंडीला येऊन मिळाल्या.

तात्या काठी टेकत आले, बघत राहिले. "तिकडनं कोन जातंय?"

मंदाताई म्हणाल्या, "आमी जातो की. तुमी मोटरसायकलवर असता, तुमाला कुठनं दिसायचं?"

 मग पहिले हसले ते तात्याच.

सगळी वरात म्हसधोंडीला. म्हशीच्या पाठीसारखे दोन मोठे खडक समोरासमोर. र.सा. टेप घेऊन पाण्यात, दुसरं टोक पा.सा.कडे. "मॅडम, दोन्हीकडं पक्का कातळ. अंतर सगळ्यात कमी इथंच. पाया खणायचाच नाही जवळजवळ." आणि मग हळूच, "हे आधीच का नाही कळलं हो आपल्याला?"

मी काय सांगणार? आपण बायकांना विचारलंच नाही, म्हणून.

आनंद झालाय. साधा नाही, उड्या मारण्यासारखा. एक उडी मारलीही, पाण्यातून परत येताना, आणि सपशेल पडले. दोन्ही गावांनी एकमतानं टाळ्या वाजवल्या.

मंगळ. ७ जाने.

गाडं अडलं. व.बा.नी नोंदी काढल्या. म्हसधोंडीचा करंजदऱ्याकडचा काठ वनाचा निघाला.

दिवसभर तोंड पाडून बसले.

बुध. ८ जाने.

व.बा.चा सकाळीच फोन. "काल तू शेवटपर्यंत ऐकलंच नाहीस." खरंच ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, गावाच्या सोयीसाठी, हेक्टरच्या आतली जागा, तीही ग्रामसभेनं शिफारस केलेली असली, तर वाट आहे. प्रस्ताव त्या स्वतः पुढे पाठवतील. "पण ग्रामसभेचा ठराव हवा. पंचायतीच्या मासिक सभेचा चालणार नाही. गावानं हात वर केलेला दिसला पाहिजे."

आता ग्रामसभा २६ जाने.ला. जानेवारीअखेरच्या पाच दिवस आधी. बसतं!

त्यांच्याशी पहिल्यांदाच अरे-तुरेवर आलो. म्हणजे त्या आल्या, मी अजून 'मॅडम'वरच.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. दोन्ही गावांतून तिळगूळ आला. करंजदऱ्याच्या लाडवांना टाकेवाडीपेक्षा जास्त तूप आहे, हे मी मरेपर्यंत कुठे बोलणार नाही.

तात्यांनी नवीन पेच काढलाय. दोन्ही ग्रामसभा एकाच दिवशी, पण ठराव आधी कुणाचा? जो आधी करेल त्याचा मान. मंदाताईंचंही तेच. मी म्हणाले, एकदम करा. तात्या म्हणाले, कसं? करंजदऱ्यात ग्रामसभेच्या जागी मोबाईलला रेंज नाही, टाकीवर चढलं तर एक काडी येते.

उपाय सुरेखानं सुचवला. हलगी! दोन्ही काठांवर एकेक हलगीवाला. हा वाजवील, तो उत्तर देईल, दोघं मिळून कडाडले की दोन्ही गावांचे हात एकदम वर.

मी हे इतिवृत्तात कसं लिहू? "ध्वनिसंकेताद्वारे समन्वय साधण्यात आला." लिहीनच.

रवि. २६ जाने.

हसून हसून पोट दुखतंय, पण क्रमानं लिहिते.

मी टाकेवाडीत, र.सा. करंजदऱ्यात. (सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या मोटरसायकलवर. मी सांगितलं नव्हतं. "बघायचंय मला," एवढंच म्हणाले.) झेंडावंदन झालं, ग्रामसभा बसली. बाकीचे विषय झाले. साकवाचा विषय आला. तात्यांनी हलगीवाल्याला काठावर पाठवलं. तो तंबाखू मळत चालला होता, सावकाश.

तेवढ्यात शाळेच्या मैदानात मुलांचं लेझीम सुरू झालं. हलगीसकट.

माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मी लेझीम बघत होते. छान चाललं होतं.

पलीकडे करंजदऱ्यात हलगी ऐकू गेली आणि सबंध ग्रामसभेनं हात वर केले. त्यांचा हलगीवालाही जोरात उत्तर द्यायला लागला. इकडे आमचा अजून अर्ध्या वाटेवर. र.सा.ना शंका आली, म्हणून त्यांनी काठावर माणूस पळवला. तो येऊन म्हणाला, "समोर कोनच न्हाई, सायेब, शाळंतली पोरं नाचतायत."

आता काय? हात खाली घेतले तर पुन्हा वर करताना मागचे ठरतील. घेतलेच नाहीत तर पुढचे. मंदाताईंनी तिथल्या तिथे निकाल दिला, "हात कुनी खाली घ्यायचा न्हाई. त्यांचं व्हईस्तोवर धरा."

धरले! अकरा मिनिटं. र.सा.नी घड्याळ लावलं होतं. म्हातारे डावा-उजवा हात बदलत होते, एकीनं मांडीवरच्या लेकराचाच हात वर धरून ठेवला, दोघं शेजाऱ्याच्या खांद्यावर कोपर टेकून उभे. एक जण म्हणाला, इरोध असता तर बरं झालं असतं, निदान हात खाली राहिला असता.

मग आमची हलगी वाजली. इथले हात वर. तिकडे कळलं तसा एवढा मोठा आवाज झाला की तो आम्हाला ओढ्याच्या अलीकडे ऐकू आला. आम्हाला वाटलं काही अघटित घडलं. तात्या धोतर सावरत काठाकडे धावले. मंदाताईंकडचे लोकही काठावर आलेले, हात चोळत, ओरडत, हसत. र.सा. मधोमध पाण्यात उभे राहून दोन्हीकडे सांगत होते, एकदम, एकदमच झालं, मी साक्षीदार.

तात्या आणि मंदाताई दोघांनी ठरावाच्या प्रती आणल्या आणि त्याच पाण्यात माझ्या हातात दिल्या. दोन कागद, दोन शिक्के, एकच जागा. म्हसधोंड.

रडले थोडी. सुरेखा म्हणाली, "मॅडम, वल्या करू नका कागद."

शुक्र. ३१ जाने.

पुण्याला स्वतः नेऊन दिलं. साहेबांनी दोन्ही ठराव शेजारी शेजारी ठेवून वाचले. "शब्दन्‌शब्द सारखा? आतार, काय केलंस काय?" मी म्हणाले, सर, ध्वनिसंकेत.

मंजूर कामांची यादी मार्चमध्ये. निधी किती, नंबर कितवा, काहीच सांगता येत नाही, म्हणाले. खोऱ्यातल्या प्रत्येक गावाचं काही ना काही आहे.

येताना कामथडीच्या पुढे गाडी थांबवून उसाचा रस प्यायले. दोन ग्लास.

सोम. ३ मार्च

रोजे सुरू. यादी नाही.

तात्यांचा फोन. साकवाला नाव 'टाकेवाडी साकव' ठेवावं असा अर्ज देतायत. तासाभरानं मंदाताईंचा, 'करंजदरा साकव'. मी दोघांनाही म्हणाले, अहो, अजून यादीतसुद्धा नाही तो. दोघंही एकच बोलले, "म्हनून तर आत्ताच ठरवून ठिवू."

फोन ठेवून बराच वेळ हसत बसले. नसलेल्या साकवावरून भांडतायत. इतका विश्वास माझाही नाही.

गुरु. ६ मार्च

यादीची बैठक उद्या. र.सा.चे तीन मेसेज, पा.सा.चा एक (फक्त हात जोडलेले), व.बा.चा फोन, "जेवलीस का?" रोजा आहे म्हटल्यावर खजील झाल्या.

दुपारी उपकेंद्रात गेले. सुरेखा नर्सताईंसोबत वर्षाचं लसीकरणाचं वेळापत्रक भरत बसली होती. मोठा तक्ता, बारा महिने, प्रत्येक वस्तीला एक खाना. मागच्या वर्षाचा तक्ता भिंतीवर होता. त्यात करंजदऱ्याच्या ओळीत जून ते सप्टेंबर चार खाने कोरे, ओढा भरल्यामुळे लस पोचलीच नव्हती.

नवीन तक्त्यात तिनं तारखा घातल्या होत्या. जुलैचीही. ऑगस्टचीही. प्रत्येक खान्यात, शाईच्या पेननं.

मी म्हणाले, सुरेखा, यादी उद्या आहे. नाही आलं तर?

ती लिहीत राहिली. "पेन्सिल व्हती समोर, मॅडम," म्हणाली. "म्या हातात घेतलीच न्हाई."

नर्सताईंनी सही केली. मग तक्ता माझ्याकडे सरकवला. खाली 'समन्वयक' असा रिकामा खाना होता. आजवर तिथे कधी कुणी सही केलेली नाही, विचारलंही नाही कुणी. उद्याचं मला काहीच माहीत नाही. तिच्याचकडून पेन मागून घेतलं आणि केली.